माझ्यामुळे थांबलेली माणसं

एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्याला थांबण्याविषयी बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. वस्तीच्या पश्चिम टोकाला सिल्क बोर्डाचा चौक आहे. १९४८ साली कायद्यानं स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचं मुख्यालय तिथे आहे, पण बेंगळुरूत सिल्क बोर्ड म्हटलं की कोणाच्या मनात रेशीम येत नाही, गाड्यांची रांग येते. रागीगुड्ड्यापासून तिथवरचा दुमजली उड्डाणपूल २०२४ च्या जुलैत खुला झाला. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. तरी दोन ओळखीची माणसं भेटली की पहिला प्रश्न तोच असतो, आज किती वेळ अडकलात? मीही सांगते. कोणत्या सिग्नलला, कशामुळे, किती उशीर झाला, हा हिशेब मला तोंडपाठ असतो.

दुसरा हिशेब मी कधी मांडला नाही. माझ्यामुळे कोण थांबलं? किती वेळ? थांबलेल्या माणसानं त्या वेळात काय केलं, त्याचं काय बुडालं? पन्नाशी ओलांडल्यावर आयुष्याचा जमाखर्च तपासायची इच्छा आपोआप होते. तपासायला बसले तर या खात्याचं पानच कोरं निघालं. ते कोरं असण्याचा अर्थ माझ्यामुळे कोणी थांबलं नाही असा होत नाही. नोंद ठेवावी असं मला वाटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यात आपल्या बोलण्याचाही हात आहे. गाडी अडकते, काम रखडतं, पगार थकतो, पाणी तुंबतं, व्यवहार ठप्प होतात, निर्णय लांबणीवर पडतो, माणूस ताटकळतो. ही सगळी वाक्यं पुन्हा वाचली तर त्यांत थांबवणारा कुठे दिसत नाही. पगार आपोआप थकत नाही, कोणीतरी तो थकवतो. फाइल स्वतःहून रखडत नाही. पण बोलताना आपण असं बोलतो की जणू हे सगळं पावसासारखं वरून पडलं. माझ्या स्वतःच्या बोलण्यात हे इतकं मुरलं आहे की “मी त्यांना ताटकळत ठेवलं” असं वाक्य मी शेवटचं कधी उच्चारलं ते मला आठवत नाही. “जरा थांबावं लागलं त्यांना” असं म्हणते मी. त्या वाक्यात मी नसते.

मला कोणालाही थांबवणं हेच वाईट असं म्हणायचं नाही. तसं म्हणणं खोटं होईल, आणि ते खोटं आहे हे मी ज्या जमिनीवर राहते तीच सांगते.

बेंगळुरूला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या पठारावर माणसं शतकानुशतकं जगली ती पावसाचं पाणी थांबवून. उताराला आडवा बांध घालायचा, तळं करायचं. इथे त्याला केरे म्हणतात. एक केरे भरलं की त्याच्या कोडीवरून, म्हणजे आपण ज्याला सांडवा म्हणतो तिथून, पाणी पुढच्या तळ्याकडे निघतं. आमच्या लेआउटला लागून असलेलं अगर गावचं तळं असंच एका साखळीतलं. मडिवाळ्याकडचं पाणी अगरात, अगरातलं बेळ्ळंदुरात, तिथून वर्तुरात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत, अशी ही वाट. अगर गावात गंग राजवटीच्या काळातला, नवव्या शतकातला शिलालेख आहे. तळ्यांना पाणी सोडायच्या मोऱ्या बसवल्याचा उल्लेख त्यात आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या माणसांना दगडावर कोरून ठेवण्याजोगी गोष्ट वाटली ती ही. पाणी अडवल्याचं श्रेय होतंच, पण अडवलेल्या पाण्याला सोडायची सोय केली, हेही त्यांना नोंदवावंसं वाटलं. कोडीवरून पाणी पडू लागलं की गावकरी अजूनही तळ्याला बागिना, म्हणजे वाण, अर्पण करतात. तळं भरल्याचा आनंद ते पाणी पुढे गेलं की साजरा करतात.

१९८० च्या दशकात बेंगळुरू विकास प्राधिकरणानं होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्यामधल्या या भागात लेआउट आखला. आज इथे सात सेक्टर आहेत. तळ्यांना जोडणारे ओढे, ज्यांना इथे राजकालुवे म्हणतात, कुठे अरुंद झाले, कुठे त्यांच्यावर बांधकामं आली, कुठे ते सांडपाण्याचे नाले झाले. बेळ्ळंदूर तळ्यावर फेस दाटला, त्याला आगी लागल्या, ते साऱ्या देशानं पाहिलं. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री पाऊस कोसळला आणि बाह्य वळण रस्ता पाण्याखाली गेला. माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून कामाला गेली. आमच्या सहाव्या आणि सातव्या सेक्टरातल्या सखल गल्ल्यांमध्येही पाणी शिरलं. तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, पाणी तुंबलंय. पाण्याची वाट जिथे होती तिथे आमची घरं होती. पाण्याच्या बाजूनं पाहिलं तर तुंबवणारे आम्ही होतो.

थांबवणं आणि तुंबवणं यांतला फरक मला या तळ्यांनी शिकवला. बांध दोन्हीकडे असतो. एकीकडे सांडवा असतो, दुसरीकडे नसतो. थांबवलेल्याला पुढे जायची वाट ठेवली असेल तर त्या थांबण्यातून गावाला पाणी मिळतं, विहिरींना पाझर फुटतो. वाट न ठेवता थांबवलं तर जे साचतं ते एक दिवस घरात शिरतं. माणसांच्या बाबतीत ही वाट म्हणजे काय? माझ्या समजुतीप्रमाणे एकच: थांबलेल्या माणसाला बोलता येणं, आणि त्याचं बोलणं थांबवणाऱ्यानं ऐकणं.

१८ एप्रिल २०१६ ला होसूर रस्ता बंद पडला. आमच्या शेजारच्या बोम्मनहळ्ळीतल्या कपड्यांच्या कारखान्यांमधल्या हजारो कामगार, बहुतेक सगळ्या बाया, रस्त्यावर येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी हे लोण शहरभर पसरलं. कारण होतं भविष्यनिर्वाह निधीचं. त्या वर्षीच्या १० फेब्रुवारीला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली होती की मालकानं भरलेला वाटा कामगाराला अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. शिलाई मशीनवर रोज तेच तेच काम करणारी बाई अठ्ठावन्न वर्षांपर्यंत त्या खुर्चीवर टिकत नाही. पाठ, डोळे, खांदे त्याआधीच जवाब देतात. नोकरी सुटल्यावर मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, गावाकडच्या घराला तोच पैसा. तो अडवला गेला होता, आणि त्यावर कोणी त्यांना विचारलं नव्हतं. १९ एप्रिलला सरकारनं ती अधिसूचना मागे घेतली.

त्या दोन दिवसांत माझ्या आसपास जे बोललं गेलं ते मला नीट आठवतं, कारण मीही तेच बोलत होते. होसूर रोड जॅम आहे, कुठून वळसा घ्यावा, घरी कधी पोचणार, मुलांच्या शाळेच्या बस कुठे आहेत. त्या बाया रस्त्यावर का आल्या हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, काही ठिकाणी दगडफेक झाली, बस जळल्या. हिंसेचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आजही करत नाही. पण विवेकाला विचारलं तर तो मला एक गोष्ट सोडू देत नाही. माझे काही तास अडले तर मला कारण हवं होतं, दिलगिरी हवी होती, पर्यायी रस्ता हवा होता. त्यांचा आयुष्यभराचा पैसा अडला तेव्हा त्यांना यातलं काय मिळालं होतं? त्यांनी रस्ता थांबवला, कारण त्यांच्यासाठी कोणी सांडवा ठेवला नव्हता.

माझं माहेर नातेपुत्याचं. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते. वारीत थांबण्याची शिस्त पक्की असते. सकाळचा विसावा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा मुक्काम वेगळा, आणि कोण कुठे किती वेळ थांबणार हे परंपरेनं ठरलेलं असतं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला घडी घालून दिली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे या शिस्तीत थोडी फौजेची रीत आहे. पण त्यातला एक भाग फौजेत सापडणार नाही.

पालखी तळावर आली की समाज आरतीची वेळ होते. चारी बाजूंना दिंड्या गोलाकार उभ्या असतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार हातातला चांदीचा दंड वर उचलतात आणि मोठ्यानं हाक देतात. सगळे टाळ थांबतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ते पाहिलं आहे. इतका मोठा आवाज इतका एकदम थांबू शकतो यावर माझा विश्वास बसला नव्हता. पण कधीकधी तो पुरता थांबत नाही. एखाद्या कोपऱ्यात एक दिंडी टाळ वाजवतच राहते. मी वडिलांना विचारलं, “यांना ऐकू नाही का आलं?” वडील म्हणाले, “त्यांचं गाऱ्हाणं आहे.” ज्या दिंडीला वाटेत काही त्रास झाला असेल, तंबूच्या जागेवरून, पाण्यावरून, क्रमावरून, ती दंड उचलल्यावरही टाळ थांबवत नाही. चोपदार त्यांच्याकडे जातात, काय झालं ते विचारतात, ऐकतात, मार्ग काढतात. मग टाळ थांबतो आणि आरती सुरू होते. तोवर माउलींची आरतीही खोळंबते.

त्या वयात मला ती गंमत वाटली होती. आज मला तो न्यायाचा फार मोठा विचार वाटतो. थांबायचं तर सगळ्यांनी एकदम थांबायचं. आणि ज्याचं मन अजून थांबलेलं नाही, त्याच्यावर शांतता लादायची नाही. त्याचं ऐकून घेतल्याशिवाय बाकीच्यांची शांतता पुरी होत नाही. बोम्मनहळ्ळीच्या त्या बाया टाळ वाजवत राहिलेली दिंडी होत्या, आणि आमच्यातलं कोणी दंड खाली ठेवून त्यांच्याकडे गेलं नाही.

ऐकून घेण्याची रीत मला परकी नाही, ही गोष्ट मला जास्त बोचते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आमची रोज सकाळी स्टँड-अप मीटिंग होते. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठे अडलंय. अडथळ्याला आम्ही ब्लॉकर म्हणतो. चोवीस वर्षांचा नवा मुलगासुद्धा सगळ्यांसमोर सांगू शकतो की माझं काम तुमच्या मंजुरीसाठी अडलंय. मी त्याची वरिष्ठ असले तरी त्याबद्दल राग धरत नाही, उलट त्याच दिवशी मोकळीक देते. ही आमच्या कामाची चांगली सवय आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण ती सवय मी लॅपटॉपसोबत बंद करते. संध्याकाळी घराच्या फाटकाशी जे थांबलेले असतात, त्यांना मी कधी विचारत नाही की माझ्यामुळे तुमचं कुठे अडलंय.

त्या फाटकापाशी काय चालतं ते मी हल्ली मुद्दाम पाहते. जेवण किंवा किराणा घेऊन आलेला मुलगा दुचाकी बाजूला लावतो, हेल्मेट न काढता पिशवी उतरवतो. पहारेकरी त्याला हात करून थांबवतो आणि फोनच्या ॲपवर आमच्या घराचा क्रमांक दाबतो. माझ्या फोनवर सूचना येते. मी तेव्हा कॉलवर असते, किंवा गॅसपाशी. परवानगीचं बटण दाबायला जो वेळ लागतो तो माझ्या लेखी नगण्य असतो. त्याच्या हातातला फोन मात्र पुढच्या ऑर्डरची वेळ मोजत असतो. तो पहारेकऱ्याकडे बघतो, पहारेकरी त्याच्याकडे. दोघांपैकी कोणाच्याच हातात काही नसतं. दोघांना थांबवून ठेवणारी मी चौथ्या मजल्यावर असते आणि मला वाटत असतं की मी कामात आहे. कर्नाटकानं २०२५ साली ॲपवर काम करणाऱ्या अशा मुलांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला, त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण माझ्या बोटाखालचा वेळ कोणत्याही कायद्यात येत नाही. तो माझ्याच विवेकाच्या अखत्यारीत येतो.

पहारेकऱ्याचं थांबणं आणखी वेगळं. त्याचं कामच एका जागी असणं. बारा तासांची पाळी, आसामातलं किंवा ओडिशातलं गाव, आणि फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची, जिचा मोडलेला हात सुतळीनं बांधला आहे. गाडी आली की तो उठतो, गेली की बसतो. आम्ही रहिवासी एकदा चर्चा करत होतो की रात्रीची खुर्ची काढावी का, बसलं की डोळा लागतो. सूचना देणारा माणूस दुष्ट नव्हता, त्याला चोरीची काळजी होती. पण कोणाला बसू द्यायचं आणि कोणाला नाही, हे खुर्चीवर बसलेल्या माणसांनी ठरवायचं, यातलं अवघडलेपण आमच्यातल्या फारशा कोणाला जाणवलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांना बसायची सोय द्यावी असं कलम होतं. केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानांतल्या नोकरांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात आणला. केरळात त्यामागे कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांचा लढा होता. बसणं ही इतकी साधी क्रिया, आणि तिच्यासाठी आंदोलन करावं लागलं. ज्या गोष्टीसाठी कोणाला भांडावं लागतं ती मला जन्मतः मिळालेली असेल, तर मी तिची मालक नाही, फक्त आधी पोचलेली आहे.

आणि अशीच दुसरी गोष्ट म्हणजे रविवार. मी रविवार हा कॅलेंडरचा नियम समजत आले. तो एका मराठी माणसाच्या खटपटीनं कामगारांना मिळाला हे मला फार उशिरा कळलं. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार वेळेवर. म्हणजे बहुतेक मागण्या थांबण्याच्याच होत्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेले. माझ्या प्रत्येक रविवार सकाळच्या निवांत चहामागे त्या मैदानावरची दहा हजार माणसं उभी आहेत.

२०२० साली आम्ही सगळेच थांबलो. २५ मार्चपासून देश बंद झाला. माझ्यासारख्यांना त्या थांबण्यात काही गोड गोष्टीही सापडल्या: गच्चीवरून दिसणारं निरभ्र आकाश, घरी शिकलेले पदार्थ, पुस्तकं. त्याच शहरात इमारती बांधणारे परप्रांतीय मजूरही थांबले होते, पण त्यांना थांबायचं नव्हतं, त्यांना घरी जायचं होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाल्यावर राज्य सरकारनं त्यांच्यासाठीच्या रेल्वेगाड्यांची मागणी मागे घेतली, आणि टीकेचा भडिमार झाल्यावर दोन दिवसांत पुन्हा गाड्या मागितल्या. त्या दोन दिवसांत मी आणि ते मजूर एकाच शहरात, एकाच हुकमाखाली, जागच्या जागी होतो. माझ्यासाठी तो विसावा होता. त्यांच्यासाठी ती अडवणूक होती. घरात राहण्याचा नियम मी पाळला, आणि ते पाळणं मला पुण्यासारखं वाटलं. त्या पुण्याची किंमत कोण भरत होतं हे मी पाहिलं नाही.

कोणी म्हणेल, या साऱ्या बाहेरच्या गोष्टी आहेत. थांबणं म्हणजे खरं तर मन थांबणं, आतली स्थिरता. मलाही ती ओढ आहे. आमच्या लेआउटमध्ये योगवर्गांची कमतरता नाही आणि मी त्यांचा लाभ घेतला आहे. श्वासाकडे लक्ष देऊन बसलं की मन खरोखर निवतं, याबद्दल मला शंका नाही. पण विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांतला पाचव्या अध्यायावरचा भाग वाचल्यापासून मला निव्वळ बसण्याचं समाधान पुरत नाही. तिथे ते सूर्याचा दाखला देतात. सूर्याला विचारलं तर तो म्हणेल, मी काहीच करत नाही. आणि तरी त्याच्या असण्यानं सारं जग चालतं. खरा शांत माणूस स्वतः स्थिर असतो तेव्हा त्याच्याभोवती इतरांची कामं मोकळी होतात. माझ्या स्थिरतेची परीक्षा मी याच कसोटीवर घेऊ लागले आणि निकाल मला आवडला नाही. मी डोळे मिटून बसते त्या वेळात माझ्या घरात भांडी घासली जात असतात. माझी शांतता दुसऱ्या कोणाच्या हातांच्या हालचालीवर उभी असते. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात साधना केलेली माणसं पुढे धम्मसेवक म्हणून येतात आणि नव्या साधकांच्या जेवणाची, राहण्याची व्यवस्था पाहतात. आज मी बसते, उद्या दुसऱ्याला बसता यावं म्हणून उभी राहते, अशी फेड तिथे आहे. माझ्या घरात ती नाही.

म्हणून मी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींशी बोलले. त्या भालकीकडच्या, बिदर जिल्ह्यातल्या, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच होतं. लोखंड्यांबद्दल वाचून माझं मन भरलेलं होतं. म्हटलं, “मावशी, आता दर रविवारी यायचं नाही. पगार तोच राहील.” त्यांना आनंद होईल असं मी धरून चालले होते. त्या हातातला फडका न थांबवता म्हणाल्या, “एका घरची सुट्टी घेऊन काय करू ताई? राहिलेल्या चार घरी यावंच लागतंय. बस तीच, रस्ता तोच. तुमच्या घरचा अर्धा तास वाचला तर बाहेर जिन्यात बसून राहायचं, पुढच्या घरचं दार उघडंतोवर.”

या उत्तरानं माझा सगळा विचार जागेवर आला. मी सुट्टी द्यायला निघाले होते, आणि ती मला एकटीला देता येत नव्हती. मी दिलेल्या मोकळ्या वेळात त्यांना आणखी एका जागी ताटकळावं लागलं असतं. चोपदार दंड उचलतात तेव्हा एक टाळ थांबून भागत नाही. महालक्ष्मीच्या मैदानावर लोखंडे एका गिरणीची सुट्टी मागायला उभे राहिले नव्हते. विसावा सामुदायिकच असतो. एकट्या घराचा चांगुलपणा फार तर त्या घरातल्या माणसाचं मन शांत करतो, काम करणाऱ्या बाईचे पाय थांबवत नाही.

मावशींना मी मग ते विचारलं जे आधी विचारायला हवं होतं: तुम्हाला काय हवंय? त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, पाचही घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा, रविवारच पाहिजे असं नाही. आणि सणाला गावी जायचं असलं की पगार कापू नये. आणि खाली, लिफ्टजवळ, दोन घरांच्या मध्ये बसायला एक बाक असावा, जिथून कोणी उठवणार नाही. या तीन मागण्या मी जशाच्या तशा वहीत लिहून घेतल्या. १८८४ च्या मागण्यांशी त्या ठेवून पाहिल्या तर मधल्या काळात आपण किती पुढे आलो हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो. गिरणीत एक मालक होता आणि हजारो कामगार, म्हणून सभा घेता आली. इथे एका बाईचे पाच मालक आहेत, पाच वेगवेगळ्या दारांमागे, आणि त्यांतली एक मी.

बाकीच्या चार घरांपैकी दोन आमच्याच इमारतीत आहेत. त्यांच्याकडे मी जाऊन आले. एकीनं लगेच होकार दिला. दुसरीचा प्रश्न होता की रविवारी पाहुणे असतात, मग काय करायचं. तो खरा प्रश्न आहे आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे. उरलेली दोन घरं शेजारच्या इमारतीत, तिथे माझी ओळख नाही. पुढच्या रहिवाशांच्या सभेत बाकाचा आणि एका दिवसाच्या सुट्टीचा विषय मी मांडणार आहे. सभेत बोलायला मला आवडत नाही. विषय निघाला की कोणीतरी म्हणणार, तुम्ही सगळ्यांचं बिघडवताय. कोणीतरी म्हणणार, आधी पार्किंगचं बघा. त्या खोलीत मावशी नसणार, पहारेकरी दाराबाहेर असणार, आणि त्यांच्या वतीनं बोलण्याचा मला अधिकार कोणी दिला हा प्रश्न माझा मलाच पडणार. त्यावर सध्या माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे की त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी त्यांच्याच शब्दांत सांगायच्या, आपलं काही मिसळायचं नाही, आणि पुढच्या वेळी त्यांनाच त्या खोलीत बोलावून खुर्ची द्यावी असा ठरावही त्याच सभेत मांडायचा. तो नामंजूर झाला तरी टाळ मी थांबवणार नाही.